हार्ड बूट आणि बाइंडिंग : कार्विंगसाठीची जुळणी कोणत्या क्रमाने करावी?

उत्तरायण :

नमस्कार. मी मूळचा नाशिकचा असून गेली सहा वर्षे म्युनिकमध्ये राहतो. पाच हिवाळे मऊ बुटांवर स्नोबोर्डिंग केल्यानंतर यंदा मी हार्ड बुटांकडे, म्हणजे स्कीच्या बुटांसारख्या ताठ कवचाच्या बुटांकडे, वळलो आहे. सकाळी यंत्राने नुकत्याच दाबून सपाट केलेल्या उतारावर कोणी पेन्सिलीने रेघ ओढावी तशी बारीक खूण मागे ठेवत बोर्ड वळवतो, म्हणजेच कार्विंग करतो, हे लिफ्टमधून पाहत आलो होतो, आणि तेच आपल्याला साधावे एवढीच इच्छा आहे. शर्यतीत उतरण्याचा विचार नाही.

एका निवृत्त होणाऱ्या गृहस्थाकडून मी १६८ सेंटीमीटर लांबीचा जुना अल्पाइन, म्हणजे कार्विंगसाठीचा अरुंद, बोर्ड घेतला. त्याची कंबर, म्हणजे मधली सर्वांत अरुंद रुंदी, २० सेंटीमीटर आहे आणि साइडकटची, म्हणजे कडेच्या आत वळलेल्या वक्राची, त्रिज्या १२ मीटर. बूट बोर्डला अडकवणारे बाइंडिंग पुढच्या बाजूने खटक्याने बंद होणारे, म्हणजे तारेच्या कडीचे आहे. बूट मात्र मी दुकानातून नवे घेतले. मागच्या शनिवारी झुडेलफेल्डच्या स्की-उतारांवर पहिला दिवस काढला आणि संध्याकाळी अगदी निराश होऊन परतलो. बोटांकडच्या कडेवरची वळणे बरी होत होती, परंतु टाचेकडच्या कडेवर वळणाच्या मध्यावर बोर्ड थरथरू लागे आणि कड सुटून मी बसकण मारत असे. दुपारपर्यंत मागच्या पायाची मांडी पेटली आणि पुढच्या पायाच्या नडगीवर लाल वळ उठला.

सध्याची मापे देतो. माझी उंची १७२ सेंटीमीटर, वजन ७५ किलो. दोन्ही बाइंडिंग बोर्डच्या आडव्या रेषेशी ५० अंशांवर आहेत, दोन्ही पायांतील अंतर ५१ सेंटीमीटर आहे आणि बाइंडिंगखाली कोणतीही पाचर, म्हणजे बूट तिरका करणारा निमुळता तुकडा, नाही. ही सगळी जुळणी आधीच्या मालकाची आहे आणि मी तिला हातही लावलेला नाही. बुटाच्या तळव्याची लांबी ३०५ मिलिमीटर भरते. दोन्ही बुटांचा पुढचा कल दुकानदाराने सर्वांत जास्त खाचेवर लावून दिला आणि हार्ड बूट असाच वापरायचा असतो असे सांगितले. यातील कोणती गोष्ट आधी बदलावी, हे जाणकारांनी सांगावे.

ओळंबा :

उत्तरायण, तुम्ही मापे दिलीत म्हणून उत्तर देणे शक्य झाले. बहुतेक जण ‘माझा बोर्ड घसरतो’ एवढेच लिहितात.

मी इन्सब्रुकजवळ राहतो आणि बावीस वर्षे हार्ड बुटांवर आहे. व्यवसायाने टूलरूममधला असल्यामुळे असेल, पण मला जुळणीत क्रमाचे महत्त्व फार वाटते. आधी बूट, मग बुटाचे बोर्डच्या दोन कडांमधील स्थान, मग कोन, मग दोन पायांतील अंतर आणि सर्वांत शेवटी पाचर. हा क्रम उलटला की एका चुकीवर दुसऱ्या चुकीचा लेप बसतो आणि मूळ दोष कुठे होता हे शोधणेच अशक्य होते. पाचर लावल्याने बरे वाटले म्हणून तीच ठेवणारी आणि प्रत्यक्षात सैल बुटामुळे वर्षानुवर्षे अडकून पडलेली माणसे मी पाहिली आहेत.

तर आधी बूट. आतला लायनर (मऊ अस्तर) पूर्ण बाहेर काढा, पातळ मोजा घालून रिकाम्या शेलमध्ये (बाहेरच्या ताठ कवचात) पाय ठेवा, बोटे पुढे टेकवा आणि टाचेच्या मागे किती जागा राहते ते पाहा. साधारण एक ते दीड सेंटीमीटर जागा राहिली तर शेलचे माप योग्य समजावे. त्याहून खूप जास्त जागा असेल तर बक्कल कितीही आवळले तरी टाच वर उचलली जाणारच. लायनर उष्णतेने आकार घेणारा असेल, तर दुकानात तापवून तो पायावर बसवून घ्या, आणि त्या वेळी कमानीला आधार देणारे आतले तळवे घातलेले असू द्या. बक्कल लावतानाही क्रम असतो. आधी घोट्याजवळचे लावून टाच मागे खेचून घ्यावी, मग नडगीवरची, आणि चवड्यावरचे सर्वांत शेवटी व सर्वांत सैल. चवडा आवळला की रक्त थांबते, पाय गार पडतो आणि नियंत्रणात मात्र काहीच भर पडत नाही.

आता कल. दुकानदाराने दोन्ही बूट सर्वांत पुढे झुकलेल्या खाचेवर लावून दिले, हेच मला तुमच्या पेटलेल्या मांडीचे आणि वळ उठलेल्या नडगीचे पहिले कारण दिसते. स्कीमध्ये दोन्ही पाय शेजारी असतात, म्हणून दोन्ही बुटांचा कल सारखा चालतो. इथे एक पाय पुढे आणि एक मागे असतो. कंबर दोन्हींच्या मध्ये येते, त्यामुळे पुढचा पाय वर जाताना मागच्या दिशेने कलतो आणि मागचा पाय पुढच्या दिशेने. साहजिकच पुढच्या बुटाला कमी कल लागतो आणि मागच्या बुटाला जास्त. तुमचा पुढचा बूट तुमच्या नडगीला पुढे ढकलत होता, तुम्ही तोल राखण्यासाठी कंबर मागे नेत होता आणि मग सगळा भार वाकलेल्या मागच्या गुडघ्यावर येत होता. पुढचा बूट दोन खाचा उभा करा, मागचा आहे तसाच राहू द्या आणि घरात गालिचावर बोर्ड ठेवून त्यावर उभे राहा.

घोटा अगदीच गोठलेला असू नये, हेही जाता जाता सांगतो. ज्या बुटांच्या मागे स्प्रिंगची यंत्रणा बसवता येते, त्यांत घोट्याला थोडी हालचाल मिळते आणि खडबडीत बर्फावर तीच बोर्डची थरथर शोषून घेते. टाचेकडच्या वळणातील थरथरीला पुष्कळदा केवळ ताठ अडकलेला पुढचा घोटा कारणीभूत असतो.

उत्तरायण :

मनःपूर्वक आभार. आज संध्याकाळी शेल तपासले. माझा पाय २६८ मिलिमीटर आहे आणि टाचेमागे १४ मिलिमीटर जागा राहिली, म्हणजे माप बरोबर आहे. पुढच्या बुटाचा कल दोन खाचा कमी करून गालिचावर उभा राहिलो, तेव्हा पुढच्या नडगीवरचा दाब लगेच ओसरला. मागच्या मांडीवर मात्र अजून ताण जाणवतो.

एक गोष्ट मी विचारायची राहिली होती. बोटांकडच्या वळणात एक-दोनदा बूट बर्फावर घासल्याचा आवाज आला होता. ५० अंश हा कोन माझ्या बोर्डसाठी कमी आहे का?

ओळंबा :

कमी आहे, आणि किती कमी आहे हे हिशेबाने दाखवता येते.

बूट बोर्डच्या आडव्या रेषेशी जितका जास्त कोन करेल, तितकी त्याची आडवी व्याप्ती घटते. तळव्याची नुसती लांबी धरली तर तुमचा ३०५ मिलिमीटरचा बूट ५० अंशांवर आडवा १९६ मिलिमीटर जागा घेतो, ५५ अंशांवर १७५, ६० अंशांवर सुमारे १५२ आणि ६५ अंशांवर १२९. म्हणजे दर ५ अंशांमागे सव्वादोन सेंटीमीटरांच्या आसपास फरक पडतो. यात बुटाची रुंदी मिळवायची असते. बुटाचे टोक गोल असल्यामुळे ती कागदावर नेमकी काढता येत नाही, म्हणून मी पुठ्ठा वापरतो. जाड पुठ्ठ्यावर बुटाचा तळवा आखून कापा, तो बोर्डवर बाइंडिंगच्या जागी टाचणीने अडकवा आणि फिरवून पाहा. ज्या कोनावर टोक आणि टाच दोन्ही धातूच्या कडेच्या आत येतात, तो तुमचा किमान कोन. त्याच्या वर जाणे ही आवडीची बाब आहे, त्याच्या खाली जाणे ही चूक आहे.

ही चूक का महागात पडते तेही पाहा. ताशी ३६ किलोमीटर, म्हणजे सेकंदाला १० मीटर वेगाने १२ मीटर त्रिज्येचा बोर्ड तुम्ही कडेवर स्वच्छ वळवलात, तर उतार बाजूला ठेवून केलेल्या सपाटीच्या गणिताप्रमाणे बोर्ड सुमारे ५८ अंशांनी उभा राहतो. वळणाची त्रिज्या साडेसहा मीटरांच्या आत येते आणि पायांवरचा भार शरीराच्या वजनाच्या जवळजवळ १.९ पट होतो. तुमच्या बाबतीत हा भार १४० किलोंच्या घरात जातो. अशा वेळी कडेबाहेर आलेली बुटाची टाच बर्फाला टेकली की तीच बोर्डचा आधार बनते, धातूची कड बर्फातून उचलली जाते आणि सगळा भार एका क्षणात निराधार होतो. तुमची टाचेकडची बसकण मला अशीच झालेली वाटते.

पुठ्ठ्याच्या आधी मात्र बूट मध्यावर आहे का ते बघा. बाइंडिंगमध्ये बूट अडकवा, आणि टोकापासून बोटांकडच्या कडेपर्यंतचे व टाचेपासून टाचेकडच्या कडेपर्यंतचे अंतर कडेला काटकोनात पट्टी धरून मोजा. दोन्ही सारखी असली पाहिजेत. जुन्या मालकाचा बूट लहान असेल आणि तुमच्यासाठी त्याने फक्त एकच कडी सरकवली असेल, तर बूट नक्कीच एका बाजूला गेलेला असतो. पुढचा खटकाही विसरू नका, कारण तो बुटाच्या टोकापलीकडे येतो आणि पुष्कळदा बुटाआधी तोच बर्फाला लागतो.

कोयनाकाठ :

धागा वाचून उत्सुकता वाढली म्हणून विचारतो. मी पुण्यात असतो, दर वर्षी फेब्रुवारीत गुलमर्गला मऊ बुटांवर जातो. तिथे हार्ड बूट नेण्यात अर्थ आहे का?

ओळंबा :

मी तिथे दोनदा गेलो आहे आणि प्रामाणिकपणे सांगायचे तर मी नेणार नाही. गुलमर्गचे वैभव अफरवाट शिखराच्या उतारावरच्या न दाबलेल्या, भुसभुशीत बर्फात आहे. अरुंद अल्पाइन बोर्ड अशा बर्फात नाकाने खाली रुततो आणि ताठ बुटांत पाय उचलून चालणेही जिकिरीचे होते. हार्ड बुटांना लागतो तो रात्री यंत्राने दाबलेला, सकाळी टणक असलेला रुंद उतार. दिवसभर तसाच उतार मिळत असेल तरच हा खटाटोप सार्थकी लागतो. तुमचा सध्याचा बोर्डच गुलमर्गसाठी योग्य आहे.

शुभ्रा :

मी ओंटारियोमध्ये फिजिओथेरपिस्ट आहे आणि कॉलिंगवुडजवळच्या टेकड्यांवर सात वर्षे हार्ड बुटांवर उतरते आहे. इथे चढउतार फार नाही, पण थंडी कडक असल्यामुळे बर्फ टणक राहतो आणि जुळणीतली चूक लगेच उघडी पडते.

कोनांबद्दल ओळंबा यांनी लिहिले आहे त्यात मला गुडघ्यांच्या बाजूने भर घालायची आहे. किमान कोन बोर्ड आणि बूट ठरवतात हे खरे, परंतु पुढच्या आणि मागच्या कोनात किती फरक ठेवावा हे तुमचे नितंब आणि गुडघे ठरवतात. उंच टेबलाच्या काठावर बसा, दोन्ही पाय मोकळे लोंबकळू द्या आणि पावले आपोआप कोणत्या दिशेने वळतात ते समोरून कोणाला तरी पाहायला सांगा. बहुतेकांची पावले थोडी बाहेर वळलेली असतात, काहींची एकच बाजू जास्त वळलेली असते. बहुतेकांना पुढचा कोन मागच्यापेक्षा ३ ते ६ अंशांनी जास्त ठेवल्यावर मोकळे वाटते. दोन्ही कोन सारखे ठेवणारे लोकही आहेत, पण त्यांचे नितंब सहज वळतात. तसे नसताना सारखे कोन ठेवले तर मागचा गुडघा आत ओढला जातो आणि दिवसाच्या शेवटी गुडघ्याच्या आतल्या बाजूला दुखू लागते.

हार्ड बुटाची बाइंडिंग स्कीप्रमाणे पडल्यावर आपोआप सुटत नाहीत. घोटाही शेलमध्ये बंद असतो. म्हणून पिळवटणारा जोर जातो तो थेट गुडघ्यात. माझ्याकडे येणाऱ्या रुग्णांत मऊ बूटवाल्यांची मनगटे आणि घोटे जास्त असतात, हार्ड बूटवाले गुडघे घेऊन येतात. त्यामुळे पाचर लावताना गुडघ्याचे ऐकावे, कोणाच्या चित्रफितीचे नव्हे.

हिमवाट :

मी सप्पोरोमध्ये असतो. इथे दाबलेल्या उतारावर कार्विंग करणाऱ्यांची मोठी परंपरा आहे, आणि त्यात हार्ड बूटवाले व मऊ बूटवाले दोन्ही भेटतात.

तारेच्या कडीऐवजी टाचेतून दोन खिळे बाहेर येऊन आपोआप अडकणारी बाइंडिंग ज्यांच्याकडे आहेत त्यांच्यासाठी एक अनुभव नोंदवतो. वाकून खटका लावावा लागत नाही म्हणून मी ती घेतली. एका पहाटे पार्किंगमधून चालत आल्यावर टाचेच्या खोबणीत बर्फ दाबून बसला होता. मी पाय टाकला, आवाज आला, आणि मी निघालो. प्रत्यक्षात बाहेरच्या बाजूचा खिळा पूर्ण बाहेर आलाच नव्हता. तिसऱ्या वळणात मागचा बूट निसटला आणि एक पाय अडकलेल्या स्थितीत मी पन्नासेक मीटर घसरत गेलो. गुडघ्याचा अस्थिबंध ताणला गेला, फाटला नाही, हे नशीब म्हणायचे. तेव्हापासून पाय टाकण्याआधी प्रत्येक वेळी टाच खरवडून साफ करतो, दोन्ही बाजूंचे खिळे बोटाने चाचपून पाहतो आणि मग टाच जोरात वर उचलून बघतो. यात दहा सेकंद जातात. हे दहा सेकंद कुणीही वाचवू नयेत, अशी कळकळीची विनंती आहे.

उत्तरायण :

हिमवाट, हे वाचून अंगावर काटा आला. माझी बाइंडिंग तारेच्या कडीची आहेत, तरी ती नेमकी किती घट्ट असावीत हे मला कळत नाही.

काल पुठ्ठ्याचा प्रयोग केला. आधी मध्य तपासला, आणि ओळंबा यांचा अंदाज तंतोतंत खरा ठरला. मागचा बूट टाचेच्या बाजूला ९ मिलिमीटर सरकलेला होता. तो मध्यावर आणल्यावरही ५० अंशांवर पुठ्ठा दोन्ही बाजूंनी बोटभर बाहेर येत होता. ५५ अंशांवर जेमतेम कडेवर आला आणि ५७ अंशांवर आत गेला. शुभ्राताईंनी सांगितल्याप्रमाणे टेबलावर बसलो, तेव्हा माझी दोन्ही पावले थोडी बाहेर वळलेली असल्याचे पत्नीने सांगितले. म्हणून पुढचा ६० आणि मागचा ५७ अंश ठेवला आहे. आता दोन पायांतील अंतर आणि पाचर उरली.

ओळंबा :

उत्तम. कडीच्या घट्टपणाची कसोटी हाताच्या तळव्याने करावी. बुटाच्या टोकावरची कडी बुटाच्या ओठावर, म्हणजे तळव्याच्या पुढे आलेल्या कडेवर, पूर्ण बसलेली असताना खटका तळव्याच्या ठाम दाबाने टक्कन बंद झाला पाहिजे. एका बोटाने बंद होत असेल तर सैल आहे, आणि मुठीने ठोकावा लागत असेल तर बुटाचा ओठ दिवसेंदिवस झिजत जाईल. बंद केल्यावर बूट बाजूने तळव्याने ठोकून पाहा, तो जराही हलता कामा नये. ही तपासणी बुटाचा तळवा स्वच्छ करूनच करावी, कारण तळव्याखाली दोन मिलिमीटर बर्फ दबला तरी सगळे माप खोटे ठरते.

स्क्रूविषयी एकदाच सांगतो, पण नीट लक्ष द्या. बोर्डमधले आटे एम ६ मापाचे असतात आणि एका फेऱ्यात स्क्रू १ मिलिमीटर पुढे जातो. खाली पाचर घातली की तोच स्क्रू तितकाच आखूड पडतो. हाताने फिरवताना निदान पाच-सहा पूर्ण फेरे मिळाले पाहिजेत. कमी मिळाले तर आटे उपटून येतात. उलट स्क्रू लांब असेल तर तो तळाला टेकून बोर्डच्या पृष्ठाला खालून फुगवटा आणतो, आणि तो फुगवटा परत बसत नाही. म्हणून पाचरेच्या जाडीप्रमाणे स्क्रूची लांबी बदलावी. आटे पुसून, गोंदाचा हलका थेंब लावून कसावे आणि उतारावरून पहिल्या दोन-तीन वेळा उतरल्यानंतर लिफ्टखाली थांबून पुन्हा एकदा चावी फिरवून पाहावी. मी खिशात अ‍ॅलन की घेतल्याशिवाय घराबाहेर पडत नाही.

आता अंतर. १७२ सेंटीमीटर उंचीला ५१ सेंटीमीटर जरा जास्त आहे. ४८ पासून सुरुवात करा आणि दोन्ही बाइंडिंग आपापल्या भोकांच्या संचाच्या मध्यावर येतील असे पाहा. अल्पाइन बोर्डवर हे संच बहुधा मुळातच थोडे मागे घेतलेले असतात, त्यामुळे तुम्ही वेगळे मागे सरकू नका. अंतर जास्त झाले की मांड्या फाकतात, गुडघे वाकवायला जागा उरत नाही आणि टाचेकडे कलताना कंबर खाली नेताच येत नाही.

पाचरेचे तत्त्व बुटाच्या कलाचेच आहे. पाय उभ्या रेषेपासून बोर्डच्या लांबीच्या दिशेने ६ अंश कललेला आहे असे धरा. पाऊल ६० अंशांवर असेल तर त्या ६ अंशांपैकी ५.२ अंश पावलाच्या लांबीच्या दिशेने येतात आणि ३ अंश आडव्या दिशेने. म्हणजे अल्पाइन कोनांवर मुख्य काम उचल (चवडा किंवा टाच वर करणे) करते, आडवा कल (पावलाची एक बाजू वर करणे) थोडाच लागतो. पुढच्या पायाच्या चवड्याखाली उचल आणि मागच्या पायाच्या टाचेखाली उचल, हा नियम इथूनच येतो. मऊ बुटांच्या कमी कोनांवर हेच गणित उलटते आणि आडवा कल मुख्य होतो, म्हणून तिथला सल्ला इथे उचलून आणू नये.

सुरुवातीला पुढच्या चवड्याखाली ३ अंशांची आणि मागच्या टाचेखाली ३ अंशांची पाचर लावा. मग गालिचावर उभे राहा, कोणालातरी तुमच्या बाजूला उभे करून दोऱ्याला बांधलेले वजन कंबरेच्या मध्यापासून खाली सोडायला सांगा. दोरा दोन्ही पावलांच्या मध्यावर पडला आणि दोन्ही तळव्यांवर चवडा व टाच सारखेच दाबले गेल्याचे जाणवले, तर तिथे थांबा.

शुभ्रा :

आडव्या कलाविषयी ओळंबा यांच्याशी मी सहमत आहे, पण एक सावधगिरी सांगते. हिशेबाप्रमाणे दोन्ही पायांची बाहेरची बाजू थोडी उचलायला हवी, म्हणजे गुडघे एकमेकांकडे येतात. ज्यांचे गुडघे मुळातच आत वळलेले आहेत त्यांनी ही पाचर अजिबात लावू नये. खुर्चीवरून एका पायावर उठून पाहा. उठताना गुडघा पावलाच्या आत जात असेल तर आडवा कल शून्य ठेवा आणि आतल्या तळव्याच्या कमानीला चांगला आधार द्या. उत्तरायण, तुमचा मागचा गुडघा या कसोटीत कसा वागतो ते बघून घ्या.

हिमवाट :

एक विषय निघाला नाही म्हणून विचारतो. शर्यतीतले खेळाडू ६५ अंशांच्या आसपास उभे राहतात, बाइंडिंगखाली मोठ्या पट्ट्या लावतात. सुरुवात करणाऱ्यांनी त्या दिशेने जावे का?

ओळंबा :

मला वाटते की जाऊ नये. १९९८ मध्ये नागानोला स्नोबोर्ड ऑलिंपिकमध्ये आला तेव्हा एकट्याने उतरायचे महास्लॅलम (खांबांमधून वळत उतरण्याची शर्यत) होते आणि २००२ पासून दोघांनी शेजारी-शेजारी उतरायची समांतर शर्यत आली. तिथल्या खेळाडूंचे बोर्ड लांब आणि अरुंद असतात, कोन त्या अरुंदपणातून येतात. पट्ट्या लागतात त्या खोल खाचा पडलेल्या बर्फात बोर्डला मोकळेपणाने वाकू देण्यासाठी. २०१८ मध्ये एस्टर लेडेका हिने प्योंगचांगला स्कीची सुपर-जी ही वेगवान शर्यत आणि स्नोबोर्डचे समांतर महास्लॅलम अशी दोन्ही सुवर्णपदके जिंकली, तेव्हा आमच्या भागातल्या अनेकांनी तिच्यासारखी जुळणी करायचा आग्रह धरला. तिच्या पायांची ताकद आणि तिचा वेग आपल्याकडे नाही, तर त्या वेगासाठी केलेला ताठपणा आपल्याला फक्त थकवतो. २० सेंटीमीटरच्या कंबरेला ६० आणि ५७ हे अगदी सुखाचे कोन आहेत.

उत्तरायण :

काल हिंटरटुक्सच्या हिमनदीवर दिवस काढला. जे घडले ते क्रमाने लिहितो, कारण पुढे कोणी माझ्यासारखा अडकला तर त्याला उपयोग व्हावा.

निघण्याआधी एका पायावर उठण्याची कसोटी घेतली. माझा मागचा गुडघा स्पष्टपणे आत जातो, म्हणून आडवा कल शून्य ठेवला. पुढच्या चवड्याखाली आणि मागच्या टाचेखाली ३ अंशांच्या पाचरी लावल्या. स्क्रू मोजताना लक्षात आले की जुने स्क्रू नव्या पाचरेवर तीनच फेरे फिरत होते. ते तसेच लावून मी डोंगरावर गेलो असतो, या विचाराने हात क्षणभर थांबला. लांब स्क्रू आणून सहा फेरे मिळवले.

पहिल्या दोन फेऱ्या मुद्दाम अगदी सौम्य उतारावर केल्या आणि थांबून चावी फिरवली. मागच्या बाइंडिंगचा एक स्क्रू पाव फेरा आणखी आवळला गेला. तिसऱ्या फेरीला टाचेकडे कललो. बुटाची टाच बर्फाला घासल्याचा आवाज आला नाही. बोर्ड थरथरला नाही. वळण पूर्ण करून मी थांबलो आणि मागे वळून पाहिले, तर बर्फात करंगळीहून बारीक, अखंड खाच उमटलेली होती, जिच्या काठावर बर्फाचा भुगाही उडालेला नव्हता. हाताने त्या खाचेत बोट घालून पाहिले. तळाशी बर्फ काचेसारखा गुळगुळीत झाला होता. इतक्या वर्षांत मी असे काही मागे ठेवले नव्हते.

दुपारी मागची मांडी दमली, पण पेटली नाही. नडगीवर वळ नाही. फक्त पुढच्या पायाची बोटे थोडी बधिर होतात, आणि टाचेकडचे वळण संपताना भार पुढच्या टाचेवर एकाएकी येतो असे वाटते. पुढची पाचर जास्त झाली की चवड्यावरचे बक्कल घट्ट आहे?

ओळंबा :

तुमचे वर्णन वाचून फार आनंद झाला. बधिरपणासाठी आधी फक्त बक्कल एक दात सैल करा आणि अर्धा दिवस तसेच उतरा. पाचरेला त्या दिवशी हात लावू नका. बक्कल सैल करूनही भार एकाएकी टाचेवर येत राहिला, तर पुढच्या बुटाचा कल एक खाच वाढवून पाहा, कारण दोन खाचा उभा केल्यावर वर ३ अंशांची उचल दिल्याने तुमचा घोटा आता जरा जास्तच उघडला गेला असण्याची शक्यता आहे. तेवढ्यानेही भागले नाही, तरच पाचर काढण्याचा विचार करू. एका वेळी एकच बदल, आणि प्रत्येक बदल वहीत तारखेसह लिहून ठेवा.

शुभ्रा :

बोटे बधिर होतात ती अंगठ्याजवळची की करंगळीजवळची, हेही कळवा. करंगळीकडची असतील तर शेल त्या जागी उष्णतेने थोडा फुगवून घ्यावा लागेल आणि बक्कल सैल करून ते जाणार नाही.

उत्तरायण :

करंगळीकडचीच आहेत, शुभ्राताई. बुधवारी बूट दुकानात नेतो. शनिवारी पुन्हा हिंटरटुक्सला जाणार आहे, तोवर पाचर आणि कोन जसेच्या तसे ठेवतो आणि आल्यावर इथे लिहितो.